इको मोड कधी लावावा, कधी काढावा

खोपोली सोडून बोरघाट चढायला लागले की खंडाळ्यापर्यंत गाडी साधारण ५०० मीटर उंची गाठते. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,४०० किलो असेल, तर एवढे वजन एवढ्या उंचीवर नुसते चढवायलाच पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जळते. चाके फिरवायला आणि समोरची हवा कापायला लागते ते वेगळेच. डॅशबोर्डवरचे कोणतेही बटण दाबले तरी या पाऊण लिटरमध्ये फारसा फरक पडत नाही, कारण वजन वर न्यायला लागणारी ऊर्जा ठरलेली असते.

इको मोडकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवताना हा हिशोब आधी लक्षात घ्यावा. इको मोड गाडीत नवी ऊर्जा भरत नाही. चालकाच्या पायामुळे, एसीमुळे किंवा चुकीच्या गिअरमुळे जे इंधन वाया जाते, त्यातले काही तो राखतो. त्यामुळे ज्या रस्त्यावर वाया जाण्यासारखे बरेच असते, तिथे त्याचा उपयोग दिसतो. जिथे इंधन खऱ्या कामाला लागलेले असते, तिथे तो गाडी नुसती मंद करतो.

आपल्याकडे मध्यम किमतीच्या गाड्यांत हे मोड येऊन फार वर्षे झालेली नाहीत. टाटांनी २०१४ साली झेस्ट आणली, तेव्हा तिच्या पेट्रोल इंजिनाला इको, सिटी आणि स्पोर्ट असे तीन मोड दिले. २०१७च्या नेक्सॉनमध्येही तेच तीन आले. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७००मध्ये त्यांची नावे झिप, झॅप आणि झूम अशी आहेत. त्यातला झिप हा काटकसरीचा. ह्युंदाई क्रेटाच्या ऑटोमॅटिक गाड्यांतही इको आहे. ग्राहकाला बटणे आवडतात हे खरे, पण कंपन्यांवर सरकारी नियमाचाही दाब आहे. एखाद्या कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची सरासरी काढून दर किलोमीटरला किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो ते पाहिले जाते. ही मर्यादा पहिल्या टप्प्यात १३० ग्रॅम होती, २०२२पासून ती सुमारे ११३ ग्रॅमवर आली. एकेका ग्रॅमसाठी झटताना सिग्नलला आपोआप बंद होणारे इंजिन, कमी घर्षणाचे टायर, छोटी टर्बो इंजिने असे पुष्कळ काही गाड्यांत आले.

आता बटण दाबल्यावर आत काय होते ते पाहू. जुन्या गाड्यांत ॲक्सिलरेटरची केबल थेट कार्ब्युरेटरच्या झडपेला जोडलेली असे. पाय जितका दाबला, तितकी झडप उघडली. आजच्या गाड्यांत अशी केबल नाही. पेडलखाली एक सेन्सर असतो, तो पाय किती दाबला हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि हवेची झडप किती उघडायची हे कॉम्प्युटर ठरवतो. इको मोडमध्ये हे गणित बदलते. पाय तेवढाच दाबला तरी झडप कमी उघडते. नळ तोच, पाणीही तेवढेच. फक्त चावी जास्त आटे फिरवावी लागते. म्हणूनच इको मोडमध्ये गाडीचा पिकअप गेल्यासारखा वाटतो. बहुतेक गाड्यांत पेडल तळापर्यंत दाबले की पूर्ण ताकद मिळते. काही गाड्यांत मात्र इको मोड ताकदीलाच मर्यादा घालतो. आपली गाडी यातली कोणती, हे गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ती पुस्तिका बहुतेकांच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीतच पडून असते, ही खरोखर वाईट गोष्ट आहे.

गाडी ऑटोमॅटिक असेल तर दुसरा बदल गिअरमध्ये होतो. इको मोडमध्ये गाडी वरचा गिअर लवकर घेते आणि इंजिनाचे फेरे कमी ठेवते. यामागे ठोस कारण आहे. पेट्रोल इंजिन अर्धवट मिटलेल्या झडपेतून हवा ओढते, तेव्हा त्या ओढण्यातच त्याची काही ताकद खर्च होते. तोच वेग वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर आणि जास्त उघडलेल्या झडपेने राखला, तर हा खर्च कमी होतो. मॅन्युअल गाडीत हे काम चालकाने करायचे असते, त्यासाठी स्पीडोमीटरजवळ वर-खाली बाण दाखवणारी खूण दिलेली असते. पण त्या बाणाचे आंधळेपणाने ऐकू नये. भरलेली गाडी, चढ आणि चौथ्या गिअरमध्ये ताशी ३५ किलोमीटर अशी अवस्था आली की इंजिन घरघरते, गाडी गचके खाते. त्या वेळी गिअर उतरवणेच इंजिनाच्या आणि खिशाच्याही भल्याचे असते.

तिसरा बदल एसीचा. बऱ्याच गाड्यांत इको मोड कॉम्प्रेसरला मधूनमधून विश्रांती देतो किंवा गारवा थोडा कमी करतो. पुण्यात नोव्हेंबरमध्ये हे कोणाच्या लक्षातही येत नाही. मे महिन्यात जळगाव किंवा नागपूरला पारा ४५ अंशांकडे गेलेला असतो, तेव्हा मागे बसलेली मुले दहा मिनिटांत कुरकुरू लागतात. अशा दिवशी इको काढून टाकावा आणि मनात काही आणू नये. त्याऐवजी उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू केल्यावर दोन-तीन मिनिटे काचा खाली ठेवून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग काचा लावून एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवावा. कॉम्प्रेसरचे काम त्याने बरेच हलके होते. शहरातल्या संथ वेगात काचा उघड्या ठेवून एसी बंद करणे परवडते. महामार्गावर उघड्या काचांमुळे वाऱ्याचा अडथळा वाढतो, तिथे काचा बंद आणि एसी सुरू हेच बरे.

इको मोडची खरी जागा म्हणजे शहरातली थांबत-चालत जाणारी वाहतूक. हिंजवडीचा सकाळचा रस्ता असो की ठाण्याचा घोडबंदर रोड, इथे पुढची गाडी दहा मीटर सरकली की मागचा चालक जोरात पाय देतो आणि लगेच ब्रेक दाबतो. इंधन जाळून मिळवलेली गती ब्रेकच्या पॅडवर उष्णता होऊन उडून जाते. ॲव्हरेज कोसळते ते इथेच. इको मोडमध्ये पाय थोडा जास्त पडला तरी गाडी झेप घेत नाही, त्यामुळे ब्रेकही कमी लागतो. नवशिक्या चालकाला तर हा मोड विशेष उपयोगी पडतो. पावसाळ्यात कोकणातल्या चिखलाच्या, शेवाळलेल्या वळणांवरही हळू उघडणाऱ्या झडपेमुळे चाके जागच्या जागी फिरत नाहीत.

मोकळ्या महामार्गावर मात्र चित्र पालटते. एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीला तेवढा वेग राखायला जेवढी ताकद लागते, तेवढी लागतेच. ती इको मोडमध्ये मिळाली काय की नॉर्मलमध्ये, इंधनात फरक अगदी थोडा पडतो. इथे सगळा खेळ वेगाचा. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. तिथे १०० ऐवजी १२०ने गेले तर हवेचा अडथळा ४४ टक्के वाढतो. पूर्ण ७०१ किलोमीटरच्या प्रवासात त्या बदल्यात वाचतो तो साधारण एक तास दहा मिनिटे. घाई असेल तर ती वेळ विकत घ्यायला हरकत नाही, पण इको मोड लावून १२०ने जाण्याने पेट्रोल वाचते असे समजू नये. छतावरचे रिकामे कॅरिअर काढून ठेवले तर त्याचा फायदा इथे बटणापेक्षा जास्त होईल.

काही वेळा इको मोड आग्रहाने काढायला हवा. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करायचे असेल, तर आधी इको काढावा आणि मगच उजवीकडे सरकावे. समोरून गाडी येत असताना पेडल दाबूनही पिकअप उशिरा मिळणे जिवावर बेतू शकते. एक्स्प्रेसवेवर बाजूच्या रस्त्याने येऊन मुख्य लेनमध्ये शिरतानाही तसेच. भरलेल्या गाडीने आंबा घाट किंवा आंबोली चढताना ऑटोमॅटिक गाडी इकोमध्ये सारखी वरचा गिअर घेते, मग ताकद अपुरी पडली की पुन्हा खाली येते. चालक वैतागून पाय आणखी दाबतो आणि वाचायचे तेही वाचत नाही. चढावर नॉर्मल मोड ठेवावा. मोड चालत्या गाडीत बदलता येतो, पण घाटाच्या वळणात बटण शोधत बसण्यापेक्षा घाट सुरू होण्याआधीच्या सरळ पट्ट्यात ते काम उरकावे.

आणि उतार. याविषयी सविस्तर बोलायलाच हवे, कारण इंधन वाचवण्याच्या नावाखाली सर्वांत घातक सवय इथेच जोपासली गेली आहे. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची आणि तशीच सोडून द्यायची. काही जण तर इंजिनच बंद करतात. कार्ब्युरेटरच्या काळात गाडी गिअरमध्ये असली तरी इंजिन पेट्रोल ओढत राही, त्यामुळे न्यूट्रलने थोडे वाचत असेल. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाडीत गोष्ट नेमकी उलटी आहे. गाडी गिअरमध्ये असताना पेडलवरून पाय पूर्ण काढला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. त्या काळात इंधन अजिबात जळत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला सतत थोडे इंधन द्यावेच लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा माणूस वाचवत नाही, उलट जास्त खर्च करतो.

धोका तर त्याहून मोठा. गिअरमध्ये असलेले इंजिन गाडीला मागे ओढून धरते, ते न्यूट्रलमध्ये सुटते. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक नीट धरत नाहीत. इंजिन बंद केले असेल तर ब्रेकला मिळणारी मदत दोन-चार दाबांत संपते, स्टीअरिंग जड होते, आणि किल्ली पूर्ण फिरवली असेल तर स्टीअरिंग लॉक होण्याचीही भीती असते. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर वर्षानुवर्षे अपघात होत आले आहेत. अवजड वाहने डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये सोडली जाणे हे त्याचे एक कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो असतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे, ही जुन्या एसटी चालकांची रीत आजच्या कारलाही जशीच्या तशी लागू पडते. काही महागड्या ऑटोमॅटिक गाड्या सपाट रस्त्यावर स्वतःहून इंजिन चाकांपासून सोडवतात, हे खरे आहे. पण तिथे कॉम्प्युटरचे उतारावर आणि ब्रेकवर लक्ष असते आणि गरज पडताच तो क्षणात गिअर परत जोडतो. त्यावरून आपण हाताने न्यूट्रल करण्याला परवानगी मिळत नाही.

इको बटणाशिवाय गाडीत काटकसरीची आणखी काही यंत्रे मुकाट्याने चालू असतात. फोक्सवॅगन व्हर्टस आणि टायगून, तसेच स्कोडाच्या कुशाक आणि स्लाव्हिया यांच्या १.५ लिटर इंजिनात भार हलका असताना चारपैकी दोन सिलिंडर आपोआप थांबतात. चालकाने फक्त पाय स्थिर ठेवायचा. सिग्नलला इंजिन बंद करणारी योजना तर आता पुष्कळ गाड्यांत आहे, आणि तिचे बटण दाबून ती कायमची बंद ठेवणारेही पुष्कळ आहेत. उभ्या गाडीचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पेट्रोल पिते. पुन्हा सुरू करायला जेवढे इंधन लागते, ते साधारण दहा सेकंद उभे राहण्याइतके. म्हणून नव्वद सेकंदांच्या सिग्नलला ही योजना चालू असावी. इंच-इंच सरकणाऱ्या रांगेत ती बंद केली तर चालते. कडक उन्हात एसीचा भार जास्त असताना, बॅटरी पुरेशी भरलेली नसताना किंवा इंजिन थंड असताना ती काम करत नाही. तो बिघाड नसतो. अशा गाडीची बॅटरी मात्र वेगळ्या, महाग प्रकारची असते. बदलताना कोपऱ्यावरच्या दुकानातून साधी बॅटरी स्वस्तात बसवली तर ती लवकर दम टाकते.

हायब्रिड गाड्यांचा हिशोब आणखी निराळा. मारुती ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडरच्या पूर्ण हायब्रिड गाड्या किंवा होंडा सिटी हायब्रिड या ब्रेक लावताना वाया जाणारी गती विजेच्या रूपाने बॅटरीत साठवतात आणि संथ वेगात इंजिन बंद ठेवून चालतात. त्यामुळे या गाड्यांचे ॲव्हरेज महामार्गापेक्षा शहरात चांगले येऊ शकते, जे साध्या पेट्रोल गाडीत कधीच होत नाही. ज्याचा रोजचा प्रवास गर्दीतून आहे त्याने हायब्रिडचा जास्तीचा पैसा मोजण्याचा विचार करावा. ज्याची गाडी महिन्यातून दोनदा नाशिक-मुंबई करते आणि एरवी उभी असते, त्याला तो पैसा वसूल व्हायला फार काळ लागेल. या गाड्यांतल्या ईव्ही मोडवर, म्हणजे नुसत्या विजेवर, थोडेच अंतर जाता येते, बॅटरी छोटी असते. ग्रँड विटारा किंवा हायरायडरसारख्या गाडीने लांब घाट उतरताना गिअरचा दांडा ‘बी’वर, म्हणजे गाडीला जास्त ओढून धरणाऱ्या स्थितीत, ठेवावा. बॅटरी पूर्ण भरली की जास्तीची ऊर्जा जिरवण्यासाठी गाडी इंजिनाला फिरवू लागते आणि पाय पेडलवर नसतानाही मोठा आवाज येतो. घाबरून गॅरेजला फोन करण्याची गरज नसते, त्या आवाजात पेट्रोल जळत नाही.

आपल्या गाडीचे ॲव्हरेज कंपनीने सांगितलेल्या आकड्याशी जुळत नाही ही तक्रार घरोघरी ऐकू येते. ग्रँड विटारा हायब्रिडचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे. असे आकडे प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-कमी करत मिळवले जातात. आपल्याकडच्या या चाचणीत वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी. महिन्याचा खर्च काढायला नाही. शिवाय आता पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. या इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे जुन्या नोंदींशी आजचे ॲव्हरेज ताडून पाहताना थोडी घट गृहीत धरावी, तिचा दोष लगेच गाडीला किंवा मोडला देऊ नये.

टायरमधली हवा हा विषय मोडच्या पुढचा आहे, पण तो टाळून चालणार नाही. कमी हवेचा टायर रस्त्याला चिकटून चालतो, तापतो आणि इंधन खातो. समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर तापलेला टायर फुटण्याचाही धोका. हवा किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेला असतो. गाडी भरलेली असताना वेगळा आणि रिकामी असताना वेगळा, असे दोन आकडे तिथे असतात. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी.

या सगळ्याने किती वाचते? महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी आणि लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी जवळपास ६७ लिटर पेट्रोल घेते. इको मोड आणि मऊ पाय यांच्या जोडीने ॲव्हरेज १६.५वर गेले तर महिन्याला सहा लिटर वाचतात. लिटरचा भाव १०० रुपये धरला तरी ते ६०० रुपये होतात, वर्षाला ७,२००. एवढ्यात गाडीची एक सर्व्हिस निघू शकते. पण ही वाढ मिळेलच अशी खात्री कोणी देऊ नये. ती रस्त्यावर आणि पायावर अवलंबून आहे. ज्याचा पाय मुळातच हलका आहे, त्याच्या गाडीत इको मोडने जेमतेम फरक पडेल.

म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये, स्वतः मोजावे. एकाच पंपावर, पहिल्यांदा नोझल आपोआप थांबेपर्यंत टाकी भरावी, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि रोजच्याच रस्त्यावर इको लावून चालवावे. पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरून किती लिटर बसले ते पाहावे. नंतर एक टाकी इकोशिवाय. स्क्रीनवरचा आकडा बहुतेक वेळा थोडा उदार असतो, म्हणून हिशोब पंपाच्या पावतीवरून करावा. दोन्ही वेळा एसी, माणसे आणि रस्ता सारखे असतील एवढी काळजी घ्यावी. फरक दिसला तर शहरात इको लावून ठेवावा. दिसला नाही तर नॉर्मलमध्ये निश्चिंत चालवावे. निकाल काहीही लागो, घाटात गाडी न्यूट्रल करू नये, आणि घरातल्या ज्या कोणाला ती सवय असेल त्याला आजच बसवून समजवावे.